दुर्बिणीचं ओझं

दुर्बीण हलकी असावी, ही गरज आमच्या चांदा-गडचिरोलीच्या जंगलात फार उशिरा आली. दुर्बिणी तशा शंभर-दीडशे वर्षांपासून इथे फिरत होत्या. त्या उचलणारे खांदे मात्र त्यांतून बघणाऱ्याचे नसत. मूल गावच्या शाळेत भूगोल शिकवताना, आणि निवृत्त झाल्यावर तलावांच्या पाळींवर पाखरं मोजत हिंडताना, हा इतिहास मला तुकड्यातुकड्याने सापडत गेला. त्यातला एक तुकडा आमच्याच घरचा आहे. माझा आजा इंग्रजांच्या काळात शिकारीच्या हाक्याला जायचा आणि हाका नसेल त्या दिवशी साहेबाच्या तळाची कावड वाहायचा.

या मुलखाच्या बाजूने गेलेलं सर्वांत जड भिंग शिकाऱ्यांचं नव्हतं, मोजणीदारांचं होतं. विल्यम लॅम्बटन हा भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पहिला प्रमुख. तो जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. आमच्या वरोऱ्याहून हिंगणघाट फार दूर नाही. कन्याकुमारीकडून उत्तरेकडे मोजत निघालेल्या त्याच्या मोहिमेत जो मोठा थिओडोलाइट होता, त्याचं वजन जवळजवळ अर्धा टन. त्याच्यावर बसवलेल्या दुर्बिणीतून कित्येक मैलांवरच्या टेकडीवरचं निशाण पाहायचं आणि कोन मोजायचा. हे यंत्र डोंगरावर चढवायला माणसांच्या टोळ्या लागत. लॅम्बटननंतर ज्याच्या हाती हे काम आलं, त्या जॉर्ज एव्हरेस्टला त्याआधी गोदावरी आणि कृष्णेच्या मधल्या रानात तापाने असं झोडपलं की त्याला काम सोडून हवापालटासाठी दूर जावं लागलं. त्या तापात त्याच्याबरोबरचे किती हमाल आणि खलाशी पडले असतील, याचा विचार मी वर्गात नकाशा लावताना नेहमी करायचो. नकाशावर रेषा दिसते. ती रेषा ज्यांनी डोक्यावरून नेली त्यांचं नाव कुठल्याच कोपऱ्यात नसतं.

नागपूरचं राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, हा त्याचा एक जिल्हा झाला. मग जंगल राखीव होत गेलं, वनखातं आलं आणि त्याच्यामागोमाग शिकारीचे नियम आले. जंगलाचे ब्लॉक पाडले जात आणि ठरावीक मुदतीचा परवाना मिळे. किती सांबर, किती चितळ, वाघ मारायचा की नाही, हे कागदावर असे. परवाना घेऊन आलेल्या साहेबाचा तळ म्हणजे बैलगाड्यांचा तांडा. तंबू, खाटा, पाण्याचं सामान, खानसाम्याची भांडी, बंदुकांच्या पेट्या, आणि त्यांच्यातच कातड्याच्या नळकांड्यात पितळेची दुर्बीण. गाडी जाईना अशा वाटेवर हे सगळं माणसांच्या कावडींवर यायचं. वनग्रामात राहणाऱ्या माणसाला जमीन कसायला मिळे, ती वनखात्याच्या कामाला हजर राहण्याच्या अटीवर. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मजुरीचे आणे कधी मिळत, कधी राहून जात. अशा व्यवस्थेत दुर्बिणीचं वजन एक शेर आहे की तीन, हा विचार साहेबाला का पडावा?

तरीही ती दुर्बीण इथे फारशी बाहेर निघत नसे, आणि याचं कारण जंगलातच आहे. नळी ओढून लांब करायची पितळी दुर्बीण हे मुळात उघड्या डोंगराचं हत्यार. स्कॉटलंडच्या उजाड टेकड्यांवर हरणांचा माग काढणारे गडी पाठीवर पडून, गुडघ्याला नळी टेकवून तासन्‌तास समोरचा उतार न्याहाळत. त्यांची नजर इतकी तयार होती की १९०० मध्ये बोअर युद्धासाठी लोव्हॅट स्काउट्स ही पलटण अशाच गड्यांमधून उभी केली गेली. हिमालयातल्या रानबकऱ्यांच्या शिकारीतही असंच नळीतून डोंगर चाळत बसावं लागे. आमचं रान तसं नाही. आलापल्लीला सागाचा एक जुना पट्टा राखून ठेवला आहे, वनवैभव म्हणतात त्याला. तिथे उभं राहिलं की समोर तीस-चाळीस पावलांवर नजर खोडांना अडते. बांबूच्या रांजीत तर दहा पावलंही पुष्कळ. पावसाळा संपल्यावर दोन महिने गवत माणसाच्या डोक्यावर असतं. वीसपट मोठं दिसून काय करणार, जिथे दिसायलाच वाट नाही?

म्हणून इथली शिकार मचाणाची आणि हाक्याची. गाऱ्यावर, म्हणजे वाघाने मारलेल्या जनावराजवळ, बसायचं, नाहीतर अर्धगोलात माणसं पसरून ओरडत, डबे बडवत जनावर मचाणाकडे रेटायचं. कडेच्या झाडांवर काही माणसं बसवलेली असत. जनावर बाजूने निसटायला लागलं की ती नुसतं खाकरत, किंवा फांदीवर काठीने टक्‌ करत, आणि वाघ तेवढ्याने वळे. आजा अशा झाडावर बसायचा. तो सांगायचा, "रानात डोरे कामाचे नाई, कान पायजेत." वानर कुठल्या शेंड्यावरून खेकसलं, चितळ किती वेळा ओरडून थांबलं, सांबराने पाय आपटून ढाँक दिली की नाही, यावरून वाघ कुठल्या नाल्यातून येतो आहे हे त्याला कळत असे. साहेबाला वाघ दिसायचा तो शेवटच्या काही क्षणांत, मचाणाखाली. त्याच्या आधीचा सगळा वाघ हाकेकऱ्यांनी कानाने पाहिलेला असायचा. ए. ए. डनबार ब्रँडर हा मध्य प्रांताचा वनाधिकारी. त्याचं मध्य भारतातल्या रानजनावरांवरचं पुस्तक १९२३ मध्ये निघालं आणि आजही ते जुन्या नोंदींसाठी उघडावं लागतं. अशा पुस्तकांमागची कित्येक निरीक्षणं गोंड-कोलाम वाटाड्यांच्या कानांतून आलेली आहेत, असं माझं ठाम मत आहे.

भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया लोकांची शिकार याहून वेगळी. तिथे तीरकामठा, फासे आणि जाळी. जनावर मारायचं ते खाण्यासाठी, आणि उन्हाळ्यात पेरणीआधीच्या बीज पंडुम या सणाच्या वेळी सगळ्या गावाने मिळून. तीर काही पावलांवरूनच सोडायचा असतो, म्हणजे जवळ जाण्याची कला हीच त्यांची दुर्बीण. पुढे ठासणीच्या भरमार बंदुका आल्या, त्यांचाही पल्ला फार नाही. डॉ. प्रकाश आमटे याच भागात हेमलकशाला आले ते १९७३ मध्ये. मारलेल्या वानरीच्या छातीला चिकटलेलं जिवंत पिल्लू शिकाऱ्यांकडून त्यांनी मागून घेतलं आणि त्यातून तिथलं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. मला त्या गोष्टीत आणखी एक दिसतं. ती माणसं भुकेसाठी मारत होती, म्हणून दुसरं अन्न मिळत असेल तर पिल्लू द्यायला तयार झाली. परवाना काढून कातडं न्यायला आलेल्या माणसाशी असा सौदा झाला नसता.

दरम्यान भिंगांच्या दुनियेत मोठा बदल झाला होता. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो याने १८५४ मध्ये लोलकांची अशी जोडणी शोधली की प्रकाशाची वाट दुमडली जाते आणि लांब नळीचं काम आखूड डब्यात होतं. जर्मनीच्या झाइस कंपनीने १८९४ मध्ये त्यावरून दोन डोळ्यांची दुर्बीण बाजारात आणली. दोन महायुद्धांत अशा दुर्बिणी लाखोंनी बनल्या, आणि युद्धानंतर लष्कराच्या जुन्या मालातून त्या सामान्य माणसाच्या हाती आल्या. नजर आता गळ्यात अडकवता येऊ लागली. वजनाच्या इतिहासात मला हा सर्वांत मोठा टप्पा वाटतो.

पण त्याच काळात शिकारही वाढली. स्वातंत्र्यानंतर जीप आली, रात्रीचा झोत आला, बंदुकीवर बसवायची दुर्बीण आली. परदेशी पाहुण्यांना वाघ मिळवून देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनीही तरुणपणी ॲल्विन कूपर नावाची शिकार-सफारींची कंपनी काढली होती. ताडोब्यात शिकार १९३५ मध्येच बंद झाली होती आणि १९५५ मध्ये तिथलं ११६ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, पुढच्याच वर्षी तो मुंबई राज्यात आला. पण उद्यानाच्या रेषेबाहेर ब्लॉक चालूच होते. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली ती १९७० मध्ये आणि वन्यजीव संरक्षण कायदा झाला १९७२ मध्ये. आजाने त्याआधीच हाक्याला जाणं सोडलं होतं, गुडघे गेले म्हणून. कायदा झाल्याचं मी त्याला वाचून दाखवलं, तेव्हा त्याने एकच विचारलं, आता जंगलात साहेब कशाला येतील?

साहेब आले नाहीत, पाखरं मोजणारे आले. मुंबईची नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते. सलीम अलींचा पक्ष्यांशी परिचयसुद्धा त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाला. त्या काळी पाखरू ओळखायचं म्हणजे हातात घ्यायचं, आणि हातात घ्यायचं म्हणजे मारायचं. चांगली दुर्बीण आल्यावर ते कारण उरलं नाही. आशियातल्या पाणपक्ष्यांची जानेवारीतली गणना १९८७ पासून सुरू झाली, आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत तर हजारो मामा तलाव आणि बोड्या. मालगुजारांच्या काळातले हे तलाव भातासाठी बांधलेले, पण हिवाळ्यात त्यांच्यावर पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या उतरतात. आता इथे पहिल्यांदा लांबची नजर लागू लागली. जुनोन्याच्या किंवा इरई धरणाच्या काठावर उभं राहिलं की पाखरं पाण्याच्या मधोमध असतात, आठपट दिसणाऱ्या दुर्बिणीत ते नुसते ठिपके. चिखलातल्या तुतारी आणि चिखल्या तर एकमेकींसारख्याच दिसतात. पायांचा रंग आणि चोचीची लांबी कळल्याशिवाय नाव लिहिता येत नाही. तिथे तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण हवी, जिला सगळे स्पॉटिंग स्कोप म्हणतात.

आणि मी ती घ्यायला निघालो तेव्हा वजनाचा प्रश्न माझ्यापुढे आला. कावडीला आता कोणी नाही, असूही नये. पाळीवरून पाळीवर जायचं ते माझ्याच पायांनी, पाण्याची बाटली, वही, डबा आणि दुर्बीण घेऊन.

दुकानदार आधी मोठी नळी दाखवतो. पुढचं भिंग ८० मिलिमीटरचं, वीसपासून साठपटीपर्यंत मोठं दाखवणारी. बघायला फारच सुंदर. पण नळी दीड-दोन किलोची, आणि तिला न थरथरता धरायला तिकाटणंही तेवढंच भारी लागतं. लोक दुर्बिणीचं वजन विचारतात आणि तिकाटण्याचं विसरतात. खरं ओझं दोन्हींचं मिळून असतं. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा आणि त्याला पटीने भागावं, म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी कळते. ८० भागिले २० म्हणजे चार मिलिमीटर, तिन्हीसांजेलाही चांगलं. ५० भागिले २० म्हणजे अडीच, सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत पुरतं. आणि साठपटीला ८० ची नळीसुद्धा १.३ मिलिमीटरवर येते, चित्र काळवंडतं. शिवाय आमच्याकडची हवा. चंद्रपूरचा पारा मेमध्ये ४५ च्या पुढे जातो. सकाळी दहानंतर पाण्यावरची हवा अशी थरथरते की पंचवीस-तीसपटीपुढे पाखरू मोठं दिसण्याऐवजी वितळत जातं. मग साठपटीचे पैसे आणि साठपटीचं वजन कशासाठी वाहायचं?

मी ५० मिलिमीटरची घेतली. निकॉन आणि कोवा या दोघांनी या मापाच्या नळ्या काढल्या, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. अशा नळीला किलो-सव्वा किलोचं तिकाटणं चालतं. काच मात्र चांगली हवी. कमी प्रतीच्या काचेत काळ्या पाखराच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते, आणि ती किनार पिसाऱ्याची की काचेची हे नवख्याला कळत नाही. नजर लावायची बाजू मी तिरपी घेतली, सरळ घेतली नाही. तिरपीमुळे तिकाटणं कमरेइतकंच उभं करावं लागतं, म्हणजे ते आखूड आणि हलकं चालतं. पाचवीतला पोरगा आणि सहा फुटी वनपाल एकाच उंचीवर बघू शकतात. उंच मनोऱ्यावरून खाली बघायचं असेल तर सरळ बरी, पण मी मनोऱ्यावर क्वचितच जातो. आत हवेऐवजी नायट्रोजन भरलेला असावा, नाहीतर पावसाळी सकाळी काच आतून धुरकटते. आणि आमच्या दमट महिन्यांत भिंगाला बुरशी लागते. ती एकदा लागली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बसते आणि पुसून जात नाही.

ताडोब्यात जायचं असेल तर ही नळी घरीच ठेवा. जिप्सीतून उतरता येत नाही, इंजिनाच्या थरथरीत तिकाटण्याचा उपयोग नाही. तिथे गळ्यातली आठपटीची दुर्बीणच हवी. पण ताडोब्यातली नजर आता लांब जाते, हेही खरं, आणि त्याचा इतिहास मला बोचतो. बोटेझरी, कोळसा गावाचा काही भाग, पुढे नवेगाव आणि जामणी ही गावं व्याघ्र प्रकल्पातून बाहेर हलवली गेली. त्यांच्या धानाच्या बांध्या पडीक राहिल्या, गवताची मैदानं झाल्या, आणि त्या मैदानांवर आज गवे, चितळ आणि त्यांच्यामागे वाघ मोकळ्यावर दिसतात. पर्यटक म्हणतात, काय सुंदर कुरण आहे. ते कुरण कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेलं शेत आहे. माझ्या आजाला जिथे तीस पावलांपुढे दिसत नव्हतं त्या जंगलात, चारशे मीटरवरचा गवा आपल्याला दिसतो तो त्या घरांच्या जागेवरून. गावं हलल्याने रानाला फायदा झाला, हे मी नाकारत नाही. पण मैदानाचं जुनं नाव गाडीतल्या गाइडने पाहुण्यांना सांगावं, असं मला फार वाटतं.

गडचिरोलीकडे नळी नेताना वेगळी काळजी. एटापल्ली, भामरागडच्या वाटेवर खांद्याला लांब काळी नळी आणि तिकाटणं लावून चालणारा अनोळखी माणूस कोणालाही संशयास्पद वाटेल, आणि नक्षली हिंसेत त्या भागाने जे सोसलं ते पाहता वाटायलाच हवं. म्हणून मी लष्करी ठिपक्यांची पिशवी घेतली नाही, साधी निळी शिवून घेतली. जायच्या आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात सांगून जातो. वाटेतल्या गावात पहिल्यांदा नळी लावतो ती गावकऱ्यांसाठी. म्हाताऱ्या बायांनी त्यातून आधी आपल्याच गावचं देऊळ बघून घ्यावं, मग पाखरांचं काम.

या जिल्ह्यात लांबच्या नजरेचं सर्वांत मोलाचं काम गिधाडांचं आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने देशभर गिधाडं संपत आली. त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. गडचिरोलीत पांढऱ्या पाठीची गिधाडं उरली होती, आणि चामोर्शीजवळच्या कुनघाड्यासारख्या ठिकाणी वनखात्याने त्यांच्यासाठी मेलेली गुरं टाकायच्या कुंपणबंद जागा केल्या. गिधाड घरट्यावर असताना जवळ गेलं तर ते उडतं आणि अंडं उन्हात पडतं. दोनशे-अडीचशे मीटरवरून नळी लावली तर पिल्लू आहे की नाही, पायात कडी आहे का, सगळं दिसतं आणि घरट्याला कळतही नाही. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून आणलेली दहा पांढऱ्या पाठीची गिधाडं बोटेझरीला ठेवली गेली आणि पुढे मोकळी सोडली गेली. ज्या बोटेझरीतून माणसं हलली, तिथेच. त्यांच्या पाठीवर यंत्रं होती, पण पाखरू काय खातं, कोणाबरोबर बसतं, हे यंत्र सांगत नाही. ते बघायला माणूसच लागतो. आणि २०२१ पासून छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत यायला लागल्यावर तर लांबून बघणं हा जिवाचाच प्रश्न झाला आहे. शेजारच्या गावाला सावध करायचं असेल तर कळप कुठल्या बाजूला तोंड करून उभा आहे, पिल्लं मधे आहेत का, हे अर्ध्या किलोमीटरवरून कळायला हवं.

हे सगळं पायी करतो तो वनरक्षक, आणि त्याच्याबरोबर गावातली रोजंदारीची दोन-तीन पोरं. त्यांच्या पाठीवर आधीच पाणी, भाकरी, काठी, नोंदीचं यंत्र असतं. मोठी नळी दिली तर ती कार्यालयाच्या कपाटात राहील, हे मी ठिकठिकाणी पाहिलं आहे. त्यांना हवी ती ५० मिलिमीटरची, तिरप्या नजरेची, पंचवीस-तीसपटीची, सोबत किलोभराचं तिकाटणं. दर परिक्षेत्राला अशी एक, आणि पावसाळ्यात ती ठेवायला सिलिका जेलच्या पुड्या टाकलेला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. जानेवारीच्या गणनेचा कागद भरून देताना शेरे लिहायच्या जागेत मी दरवर्षी एवढंच मागतो.